चित्रपटाचा एक दिवस

वाल पेरून झाला, भाताची झोडणी उरकली की रोहा तालुक्यातल्या शेतकरी बाईला चार दिवस उसंत मिळते. कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भात घेणाऱ्या घरांत तेवढीही नाही. तेव्हा शेतकरी बंधूंनो, याच दिवसांत सहकुटुंब चित्रपटाला जावे.

चित्रपट तीन तासांचा, पण आनंद दिवसभराचा. पहाटेच तांदळाच्या भाकऱ्या बांधायच्या, ठेवणीतले लुगडे काढायचे, एसटीची वाट पाहायची. मध्यंतरात भजी, येताना बाजारातून बांगड्या.

१९७५ साली ‘जय संतोषी माँ’ लागला, तेव्हा बायका चपला काढून आत जात, पडद्यावर फुले, पैसे उधळीत. १९९१ च्या ‘माहेरची साडी’ला खेड्यापाड्यांतून गाड्या भरून बायका आल्या आणि पदर ओले करून गेल्या. शहाणी माणसे हसली. हसू देत! सुनेला मोकळेपणी रडायला घरात जागा कुठे असते? अंधारात सासूच्या शेजारी बसून ती रडली, आणि सासूही रडली.

‘मंथन’ची (१९७६) गोष्ट आणखी निराळी. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून तो काढला, आणि पाहायलाही तेच ट्रक भरभरून गेले.

आता चित्रपट मोबाइलवर येतो. पण बाईच्या हाती तो येतो तेव्हा चुलीवर भात असतो. म्हणून दिवस ठरवा. गुरांचे वैरणपाणी शेजाऱ्याकडे सोपवा. त्याच्या घरचे जातील तेव्हा त्याची गुरे तुम्ही पाहा. चित्रपट कोणता, ते मात्र घरातल्या बाईला ठरवू द्या.