पळीच्या दांड्यावरचा नाग

मंडळी, देवघरातली पळी तुम्ही रोज पाहता. पंचपात्रात ठेवलेली, तांब्याची नाहीतर पितळेची; खाली आचमनापुरते पाणी मावेल एवढे इवलेसे तोंड, आणि वर दांड्याच्या टोकाला पुष्कळदा फणा काढलेला नाग. आपल्या वऱ्हाडी बोलीत तिला ‘पयी’ म्हणतात. आता एखाद्या चौथीतल्या पोराने विचारले, की गुरुजी, हा नाग इथे कशाला, तर काय सांगाल?

पहिले उत्तर साधे आहे. वाकवलेला फणा पंचपात्राच्या काठाला अडकतो, पळी आत घसरत नाही. आणि बोटे ओली असली तरी टोकाला पकड मिळते. दुसरे उत्तर भाषेत दडले आहे. संस्कृतात पळीला ‘दर्वी’ म्हणतात. आणि सुश्रुताने सापांचे जे वर्ग केले त्यात फणा असलेल्या सापांचे नाव आहे ‘दर्वीकर’. म्हणजे नागाचा फणा पळीच्या तोंडासारखा दिसतो, हे आपल्या लोकांनी फार पूर्वीच हेरले होते. कारागिराने नाग पळीवर बसवला तो काही उगाच नव्हे.

पळीला रूप देण्याची हौस त्याहूनही जुनी. यज्ञात तूप वाहण्याच्या लाकडी पळ्या असत, आणि कोणती पळी कोणत्या झाडाची हे ठरलेले असे. जुहू पळसाची, उपभृत पिंपळाची, स्रुवा खैराची. जुहूच्या तोंडाला हंसाच्या चोचीसारखी पन्हळ काढावी, असे सांगितले आहे. शोभेची शोभा, आणि तुपाची धारही बारीक पडते! ब्रह्मदेवाच्या मूर्तीच्या हातात अशी लांब दांड्याची पळी दाखवतात. शाळेची सहल लोणार-मेहकरकडे नेलीत, तर जुन्या देवळांच्या शिल्पांत ती कुठे सापडते का, हे पोरांना शोधायला लावा.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. आपण जेवतो हाताने. ‘चमचा’ हा शब्दच मुळी फारसीतून आला. आपल्याकडे पळी, ओगराळे, झारा, चाटू ही सारी वाढणाऱ्याची नाहीतर रांधणाऱ्याची हत्यारे, जेवणाऱ्याची नव्हेत. म्हणून आपली अन्नपूर्णा पाहा. लेक सासरी निघाली की माहेरून तिच्याबरोबर जी लहानशी पितळी नाहीतर चांदीची मूर्ती देतात, तिच्या हातात पळी असते. ताट नसते. हातात वाढायचे साधन असलेली ही देवी. जुन्या ओगराळ्याच्या दांड्यावर राघू किंवा मोर बसवलेला असतो, तोही पंगतीत वाढणाऱ्याच्या हाताशी.

खाण्याच्या चमच्याला अपवाद एकच, तान्ह्या बाळाचा. उष्टावणाला मामा खीर चाटवतो ती पुष्कळ घरी चांदीच्या वाटी-चमच्याने. आपल्या जिल्ह्यात चांदी म्हटली की खामगावचे नाव निघते. त्या गावाला रजतनगरीच म्हणतात.

इतर देशांत चमच्याला निराळी कामे मिळाली. ब्रिटनमध्ये वेल्स नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथला तरुण आपल्या मनातल्या मुलीसाठी एकाच लाकडाच्या तुकड्यातून चमचा कोरी. त्याला साखळी, चाक, पिंजऱ्यात खुळखुळणारे गोळे, सारे अखंड लाकडातून काढलेले. तिथल्या सेंट फॅगन्सच्या संग्रहालयात 1667 साल कोरलेला असा एक चमचा आहे. आपल्याकडचा कोणी सुतार तो हातात घेऊन बराच वेळ सोडणार नाही.

आणि एक चमचा तर राजाच्या राज्याभिषेकाचा. इंग्लंडच्या राजाला पवित्र तेल लावताना बाराव्या शतकातला एक सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा चमचा वापरतात. 1649 साली तिथे राजाचा शिरच्छेद झाला, राजचिन्हे वितळवली गेली, उरलेसुरले विकले गेले. हा चमचा किनर्स्ली नावाच्या, राजवाड्यातल्याच एका माणसाने 16 शिलिंगांना घेतला. त्याने तो मोडला नाही. जपला, आणि 1661 साली नव्या राजाच्या अभिषेकाला परत दिला. मे 2023 मधल्या अभिषेकातही तोच वापरला.

हे एवढे लांबचे उदाहरण सांगितले ते आपल्या घरातल्या मोडीसाठी. लग्नसराई आली की जुने पितळ मोडीत घालायचे आणि स्टीलचे नवे भांडे आणायचे, ही आपली रीत. संसाराला ते सोयीचे आहे. पितळेला कल्हई लावा, चिंचेने घासा, हे बायकांना पुरे झाले होते आणि त्यात त्यांची चूक नाही. पण तराजूला नाग, मोर काही कळत नाही, वजन तेवढे कळते. पुण्याच्या दिनकर केळकरांनी असे दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी गावोगाव हिंडून जमवली, अकाली गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाच्या नावाने संग्रहालय केले, आणि 1975 साली ते सरकारच्या स्वाधीन केले. ते पाहिल्यावर मोडीत काय काय गेले असेल याचा अंदाज येतो.

शिक्षकांना एक सुचवतो. वर्गातल्या प्रत्येक मुलाने घरातली एक जुनी पळी, ओगराळे किंवा चाटू पाहून वहीत चित्र काढावे. लांबी मोजावी. धातू कोणता, लाकूड कोणते, टोकाला काय कोरले आहे, ती कोणाच्या माहेराहून आली आणि कोणत्या दिवशी बाहेर निघते, हे आजीला विचारून लिहावे. नाव मात्र घरात जे म्हणतात तेच लिहू द्या. ‘पयी’ लिहिले तर खोडून ‘पळी’ करू नका.