ळ बाळाचा

मनामाला लागून असलेल्या झिंजमध्ये आम्ही राहतो. (नाव ऐकलं की आईला अजूनही झिंज्याच आठवतात!) शुक्रवारी इथे सुट्टी, त्यामुळे सकाळी साताऱ्याला व्हिडिओ कॉल ठरलेला. मागच्या महिन्यात सहा वर्षांची लेक म्हणाली, "आजी, मी शालेत फल खाल्लं." आई हसली. फोन ठेवताना मात्र मला म्हणाली, "अरे, पोरीचा ळ गेला की रे!"

ते मनाला लागलं. मी कॉम्प्युटर इंजिनिअर. माझ्यासाठी ल आणि ळ म्हणजे युनिकोडमधले शेजारी, ०९३२ आणि ०९३३. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर तर दोघांचं बटण एकच. शिफ्ट दाबली की ळ. पण वाचायला घेतलं तेव्हा कळलं, हे अक्षर किती जुनं आहे. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत ळ आहे. पुढच्या संस्कृतात 'ईळे'चं 'ईडे' झालं. मराठीत ळ दुसऱ्या वाटेनं आला. संस्कृत 'फल', 'काल' यांच्यातला दोन स्वरांमधला एकटा ल आपल्याकडे ळ झाला: फळ, काळ. प्राकृतात जिथे जोड 'ल्ल' होता, तिथे मात्र ल टिकला. 'कल्य'चं 'कल्ल' आणि त्याचं आपलं 'काल', म्हणजे आजच्या आधीचा दिवस. ळ गेला, तर काल आणि काळ एकच होऊन बसतात!

मराठी शब्दाच्या सुरुवातीला ळ येत नाही, म्हणून तर अंकलिपीत 'ळ बाळाचा'.

इंग्रजी, हिंदी आणि अरबी ऐकत वाढणाऱ्या जिभेला तो जमायचा नाही, असं मी धरून चाललो होतो. एका संध्याकाळी लेकीला आणायला खालच्या मजल्यावरच्या केरळी शेजाऱ्यांकडे गेलो. ती मैत्रिणीच्या आईकडे पाणी मागत होती, "आंटी, वेळ्ळम!" अगदी स्वच्छ ळ! मल्याळम या नावातच तो आहे म्हणा.

म्हणजे जीभ तयार होती. कमी पडलो ते आम्ही. घरात आम्ही दोघं सर्रास "चलो, लेट हो गया" म्हणतो. पोरीच्या कानावर ळ पडणार कुठून?

आता स्कूल बसच्या आधी "वेळ झाली, पळ!" म्हणतो. परवा तीच माझ्यावर ओरडली, "बाबा, वेल झाली, पळ!"

आईला कळवलंय, निम्मा ळ परत आलाय.