वातीने पाणी पिणारी कुंडी

गेवराई तालुक्यातील उमापूरसारख्या बाजारगावात वैशाखाची दुपार उतरू लागली की दुकानांच्या फळ्या पुन्हा निघतात, ओट्यांवर पाणी शिंपडले जाते आणि पायरीशी ठेवलेल्या तेलाच्या डब्यांतील रोपांकडे घरातील कोणाची तरी नजर जाते. डब्यातील तुळस मलूल झालेली असते, मोगऱ्याच्या कळ्या उमलण्यापूर्वीच गळलेल्या असतात. तांब्याभर पाणी घातले की त्यातील निम्मे डब्याच्या भोकातून ओट्यावर उतरते आणि क्षणात सुकून जाते. तालुक्याच्या उत्तर अंगाने गोदावरी वाहते, जायकवाडीचा उजवा कालवा याच तालुक्यातून माजलगावकडे जातो. तरीही चैत्र सरता सरता टाकी आणि टँकर हे शब्द घरोघरी ऐकू येऊ लागतात. बीड जिल्ह्याचे सरासरी पाऊसमान साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास असले, तरी ते सरासरीप्रमाणे पडते असे वर्ष विरळाच.

व्यापारी घराची अडचण आणखी निराळी असते. लग्नसराई, मुलांची सुटी, कचनेरची वा कुंथलगिरीची यात्रा यांनिमित्त चार-आठ दिवस घराला कुलूप लागते. शेजाऱ्यांना दुकानाची किल्ली सोपवता येते, झाडांची जबाबदारी सोपवताना मात्र संकोच वाटतो. परतल्यावर वाळलेल्या काड्या उपटून टाकाव्या लागतात. ज्या घरात हिरवे पानही तिथी पाहून तोडले जाते, त्या घरात आपल्या विसरभोळेपणाने रोप मरावे, हे बोचणारे असते.

या अडचणीवरचा उपाय कोणत्याही घरात जमण्याइतका साधा आहे. कुंडीच्या तळाशी पाण्याचा साठा ठेवावा आणि ते पाणी वातीने वर चढून मातीला मिळावे, एवढेच त्याचे तत्त्व. समईतील वात तेल वर ओढते ते ज्या नियमाने, त्याच नियमाने मातीच्या कणांमधील सूक्ष्म पोकळ्यांतून पाणी वर चढते. शास्त्रात याला केशाकर्षण म्हणतात. वरची माती सुकेल तसे खालून पाणी येते, माती ओली असेल तेव्हा ओढ मंदावते. झाडाने हवे तेवढेच प्यावे, असा हा व्यवहार आहे.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. नवरात्रात शेजारच्या घरी घट बसतो तेव्हा पत्रावळीवर शेतातील माती पसरून तीत धान्य पेरतात आणि मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवतात. घटाच्या अंगातून पाझरणाऱ्या पाण्यावर नऊ दिवसांत पोपटी अंकुर वितीएवढे होतात. चीनमधील फान शंगची या कृषितज्ज्ञाने इसवी सनपूर्व पहिल्या शतकात मातीची मडकी जमिनीत पुरून त्यांच्याभोवती वेल लावण्याची पद्धत नोंदवून ठेवली आहे. आपल्याकडे तिलाच मटका सिंचन म्हणतात. परसात जागा असेल त्याने आजही प्रथम हाच प्रयोग करावा. न भाजलेले मडके पाण्यात विरघळते आणि चकचकीत लेप दिलेले पाझरत नाही, म्हणून कुंभाराकडचे साधे भाजलेले मडके घ्यावे, गळ्यापर्यंत पुरावे आणि तोंडावर झाकण ठेवावे. पिण्याचा जुना माठ या कामी घेण्याचा मोह होतो, पण आपल्या भागातील क्षारयुक्त पाण्याने त्याची छिद्रे बहुधा बुजलेली असतात.

ओट्यावर वा गच्चीवर मडके पुरणे शक्य नसते. तिथे दोन बादल्यांची कुंडी उपयोगी पडते. रंगाच्या वीस लिटरच्या दोन सारख्या बादल्या घेऊन, स्वच्छ धुऊन, एकीत दुसरी बसवावी. दोन्ही तळांमध्ये चार बोटे अंतर राहिले पाहिजे. राहत नसेल तर विटेचे तुकडे मध्ये ठेवावेत. खालची बादली म्हणजे पाण्याचा साठा, वरची म्हणजे मातीचे घर. वरच्या बादलीच्या तळाला मधोमध वाटीएवढे भोक पाडून त्यात दह्याचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा असा अडकवावा की तो खालच्या बादलीच्या तळाला टेकेल. या डब्याला चहूबाजूंनी बारीक भोके पाडून तो मातीने गच्च भरायचा. हीच कुंडीची वात. तळाच्या उरलेल्या भागात हवेसाठी आठ-दहा लहान छिद्रे ठेवावीत. एका कडेने इंचभर व्यासाचा पाइप वरून थेट खालच्या साठ्यापर्यंत उतरवावा. त्याचे खालचे टोक तिरपे कापलेले असावे, नाही तर तो तळाला चिकटून बसतो आणि पाणी आत जात नाही.

राहिले एक भोक, आणि सर्वांत महत्त्वाचे तेच. खालच्या बादलीच्या बाजूला, वरच्या बादलीच्या तळाच्या बोटभर खाली, ते पाडायचे. साठा भरला की जास्तीचे पाणी इथून बाहेर पडते आणि पाणी व माती यांच्यामध्ये हवेचा थर टिकून राहतो. हे भोक विसरले की पहिल्याच मोठ्या पावसात मुळे बुडतात, कुजतात आणि दोष पद्धतीला लागतो.

मातीविषयी मात्र उमापूरकडच्या लोकांना सावध करावे लागेल. ज्या काळ्या कसदार मातीवर इथला कापूस उभा राहतो, ती एकटी या कुंडीत चालत नाही. ओली झाली की ती चिखलासारखी घट्ट बसते, सुकली की भेगाळते आणि भेग पडली की पाण्याची चढती वाट तुटते. एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले पालापाचोळ्याचे खत आणि एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा, असे मिश्रण हलके राहते. घरात निघालेल्या कापसाची पीळदार वात लहान कुंड्यांना उत्तम, पण काही महिन्यांत ती ओलाव्याने कुजते. जुन्या नायलॉनच्या दोरीचा तुकडा अधिक टिकतो. पहिले पाणी नेहमी वरून, माती पूर्ण भिजेपर्यंत द्यावे, कारण पूर्ण कोरडी माती खालून पाणी नीट ओढत नाही.

पाणी साठवायचे म्हटले की जैन घरात पहिला प्रश्न जीवोत्पत्तीचा येतो, आणि तो रास्त आहे. आचारांग सूत्राच्या प्रारंभीच पृथ्वीकायाबरोबर अप्कायाचा विचार येतो. पाणी गाळून घेणे आणि गाळण्यावरचे जीव जपून पुन्हा त्याच विहिरीत सोडणे, ही रीत जुन्या पिढीने कटाक्षाने पाळली. उघड्या साठ्यात डास अंडी घालतो आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत पूर्ण वाढलेला डास बाहेर पडतो. मग औषध फवारण्याची पाळी येते, म्हणजे आधी जीव निपजवायचे आणि नंतर मारायचे. त्यापेक्षा वाटच बंद ठेवावी. पाइपच्या तोंडाला बूच, बाजूच्या भोकावर पाणी गाळण्याच्या कापडाचा दुहेरी तुकडा, आणि दोन बादल्यांच्या कडांमध्ये फट असेल तर तिथेही कापडाची पट्टी. साठ्यात गाळलेले पाणीच घालावे. तांदूळ-डाळीचे धुवण झाडांना चांगले असले, तरी बंद साठ्यात ते आंबते आणि वास मारते. ते जमिनीतील झाडांना द्यावे.

आता हिशेब, कारण व्यापाऱ्याच्या घरी तो विचारला जाणारच. बादलीच्या तळाचा व्यास 26 सेंटिमीटर आणि पाण्याची उंची 7 सेंटिमीटर धरली, तर साठा साडेतीन लिटरांहून थोडा अधिक होतो. हिवाळ्यात मिरचीच्या रोपाला तो आठवडाभर सहज पुरतो. मे महिन्यात फळांनी लगडलेला टोमॅटो दिवसाला दीड-दोन लिटर पाणी पितो, म्हणजे तोच साठा दोन दिवसांत संपतो. लांबच्या यात्रेला जाताना मोठ्या झाडाखाली मोठाच साठा हवा. आडवा कापलेला पिंप घेतला तर दहा दिवसांचीही सोय होते. बादली सावलीत असावी आणि बाहेरून ओले बारदान गुंडाळावे, नाही तर उन्हाने प्लॅस्टिक तापून मुळे भाजतात. आडतीच्या घरी बारदानाची उणीव नसते.

बोअरचे पाणी वापरणाऱ्यांना काही आठवड्यांनी मातीवर पांढरी साय दिसू लागेल. पाणी वर चढून उडून जाते, क्षार मागे राहतात. महिन्यातून एकदा वरून सावकाश पाणी देऊन ते धुऊन काढावेत, पावसाळ्यात हे काम पाऊसच करतो. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी फुकट मिळते म्हणून या कुंडीत घालू नये, त्यात क्षार अधिक असतात.

काय लावावे, हे आपल्या स्वयंपाकघराने आधीच अर्धे ठरवून ठेवले आहे. कंदमुळांचा प्रश्नच येत नाही. मिरची, टोमॅटो, पुदिना, कढीपत्ता या कुंडीत आनंदाने वाढतात. पुष्कळ घरांत चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य असते, तेव्हा मेथी-कोथिंबीर कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास पेरावी. थंडीही तेव्हाच सुरू होते आणि मेथीला तीच मानवते. कोरफडीला मात्र सतत ओल सोसत नाही. तुळशीलाही मधून मधून साठा दोन दिवस रिता ठेवलेला बरा वाटतो.

घरच्या घरी प्रयोग करून शेती शिकण्याची परंपरा महाराष्ट्रात आहेच. श्री. अ. दाभोळकर या गणिताच्या प्राध्यापकांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून असंख्य सामान्य माणसांना स्वतः मोजून, नोंदवून पीक घ्यायला शिकवले. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी या अर्थतज्ज्ञांनी उसाचा चोथा वापरून गच्चीवर भाज्या-फळे पिकवली. ओट्यावरच्या दोन बादल्यांनी मराठवाड्याची तहान भागणार नाही, तो दावा कोणी करूही नये. पण मुलांच्या हाती एक रिकामी पाण्याची बाटली द्यावी, ती मधोमध कापून वरचा भाग उलटा खालच्या भागात बसवावा, बुचाच्या भोकातून समईची वात खाली सोडावी आणि वर माती घालून पुदिन्याची काडी खोवावी. खाली किती पाणी उरले ते बाटलीच्या काचेसारख्या अंगातून रोज दिसते. मुलांनी वहीत रोजची रेघ आखून ठेवली तर कोणत्या दिवशी झाड किती प्याले, हे वैशाखात आणि पौषात निरनिराळे आलेले त्यांनाच आढळेल.