दोन प्रतिमांचा मेळ

जबलपूरजवळ भेडाघाटी नर्मदा संगमरवरी कड्यांच्या अरुंद घळीतून वाहते. मावळतीनंतर तेथे नावेत बसलेल्या आप्ताचा चेहरा टिपावयाचा, तर हलत्या नावेत तिपाई निरुपयोगी. मोठ्या छिद्राचे भिंगच हवे. परंतु असे भिंग जितका प्रकाश देते, तितकी खोली हिरावून घेते. ५० मिलिमीटरचे एफ १ भिंग एक मीटरवर केंद्रित केले, तर स्पष्टतेचा पट्टा जेमतेम दोन सेंटिमीटरांचा उरतो. डोळे स्पष्ट येतात, कान धूसर.

रेंजफाइंडर कॅमेरा दोन खिडक्यांतून अंतर मोजतो. त्यांतील दोन प्रतिमा एकमेकींवर बसल्या, की अंतर जुळले. खिडक्यांमधील अंतर आणि दर्शकाचे वर्धन यांचा गुणाकार जितका मोठा, तितके मापन अचूक. १९५४ च्या लायका एम-३ मध्ये तो सुमारे ६२ मिलिमीटर होता. २००६ च्या डिजिटल एम-८ मध्ये सुमारे ४७.

लहान छापील चित्रात बारीक चूक झाकली जाई. डिजिटल चित्र पडद्यावर मोठे करताच ती उघडी पडते. म्हणून तिरप्या ठेवलेल्या मोजपट्टीचे चित्र घेऊन यंत्र घरीच पारखावे. ज्या अंकावर प्रतिमा जुळविल्या, तो सोडून दुसराच स्पष्ट आला, तर कॅमेरा कारागिराकडे न्यावा. यंत्र निर्दोष असले, तरी प्रतिमा जुळल्यावर नाव किंचित डोलली, की श्रम वाया जातात. तेव्हा जुळताक्षणीच कळ दाबावी, आणि दोनचार चित्रे घ्यावीत. संध्याकाळ उद्याही होईल. नावेतला तो चेहरा पुन्हा भेटेलच असे नाही.