गुलाम ते पेशवा : निजामशाहीतील हबशी

हबशी : 'हबश' म्हणजे आजचा इथिओपिया व आसपासचा प्रदेश. तिथून गुलाम म्हणून आणलेल्यांना दख्खनमध्ये हबशी, पुढे सिद्दी म्हणू लागले.

निजामशाही : १४९० ते १६३६. राजधानी अहमदनगर, म्हणजे शिर्डीच्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण (आता अहिल्यानगर).

मलिक अंबर : जन्म १५४८च्या सुमारास, इथिओपियात. लहानपणी विकला गेला. हात बदलत, बगदादमार्गे दख्खनमध्ये पोहोचला. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीझ खान हाही मूळचा हबशी गुलाम. धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला आणि कालांतराने पेशवा बनला. १६१०मध्ये खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) वसवले. १६२४मध्ये नगरजवळ भातवडी येथे मोगल व आदिलशाही फौजांचा पराभव केला. मृत्यू १६२६.

फरक : अमेरिकेतील मळ्यांवर गुलामी वंशावर ठरे आणि पिढीजात चाले. दख्खनमधील लष्करी गुलामाला मुक्ती आणि सरदारकी मिळू शकत असे. माणसाची खरेदी-विक्री मात्र दोन्हीकडे होती.

कायदा : १८४३च्या कायद्याने कंपनी सरकारच्या मुलखात गुलामीची कायदेशीर मान्यता संपली. १८६०च्या दंडसंहितेत गुलामांचा व्यापार गुन्हा ठरला.

स्मृती : खुलताबादला अंबरची कबर, संभाजीनगरात त्याने बांधलेल्या नहरीचे अवशेष. जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. गुलामांच्या व्यापाराचा जागतिक स्मरणदिन २३ ऑगस्ट. १७९१मध्ये याच सुमारास आजच्या हैतीत गुलामांचा उठाव सुरू झाला.