पडद्यावर कुणी मरायचं?

युद्धपटात बायकोचा फोटो न्याहाळणारा जवान मध्यंतरानंतर फार काळ जगत नाही, हे आपल्याला पाठ झालं आहे. तरी तो पडला की डोळे भरून येतात. पटकथाकाराने त्याला त्यासाठीच आणलेलं असतं. किती रणगाडे चालून आले, यावरून युद्धाची किंमत कळत नाही. मागे कोण वाट पाहतंय हे दिसलं, की ती कळते.

जे. पी. दत्तांच्या ‘बॉर्डर’मध्ये (१९९७) ही कामं चोख वाटून दिली आहेत. सनी देओलचा मेजर कुलदीपसिंग सगळ्यांना धरून ठेवतो. सुदेश बेरीच्या मथुरादासला आजारी बायकोसाठी सुटी हवी आहे. घर आधी की सीमा, हा प्रश्न तो सगळ्यांच्या वतीने विचारतो. सुनील शेट्टीचा भैरोसिंग नुकतं लग्न होऊन आलेला. अक्षय खन्नाचा धरमवीर कोवळा. माणसावर गोळी झाडताना सुरुवातीला त्याचा हात अडतो. शेवटी हे तिघेही मरतात. पण त्याआधी मथुरादासची घालमेल आणि धरमवीरचा संकोच पटकथेने पुरता मिटवलेला असतो.

इथेच मला ही पटकथा कमी पडलेली वाटते. भिणारा माणूस हे युद्धपटातलं सर्वांत मोलाचं पात्र आहे, कारण आपल्यातले बहुतेक जण तिथे त्याच्यासारखेच वागतील. रॉबर्ट रोडॅटने ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मध्ये (१९९८) त्याची भीती पुसली नाही. कॉर्पोरल अपहॅम दुभाष्या म्हणून तुकडीत ओढला गेलेला. वरच्या खोलीत तुकडीतला सोबती मेलिश चाकूखाली तडफडतोय आणि हा काडतुसांच्या माळा अंगावर घेऊन जिन्यात थिजून रडतोय. मेलिशला मारणारा जर्मन त्याच्या बाजूने खाली उतरून निघून जातो. पुढे अपहॅम गोळी झाडतो, पण हात वर केलेल्या माणसावर. त्यात शौर्य नाही. प्रेक्षकाला सुटका मिळत नाही, आणि ती न देणं हेच या पात्राचं काम.

साचा वापरण्यात गैर काही नाही. मात्र खऱ्या माणसाचं नाव घेतलं, की जबाबदारी वाढते. सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंग राठोड डिसेंबर १९७१ च्या लोंगेवालाच्या लढाईतून जिवंत परतले. त्यांना सेना पदक मिळालं. ‘बॉर्डर’ने पडद्यावर त्यांना हुतात्मा केल्यानंतरही ते पंचवीस वर्षं जगले. डिसेंबर २०२२ मध्ये जोधपूरला वारले. कथेला एक मरण हवंच होतं, तर त्या पात्राला दुसरं नाव द्यायला हवं होतं.