हाताला काम (लेखांक ५) : चक्की वर्षातून किती तास चालणार?

गावात राहून स्वतःचं काही सुरू करीन म्हणणाऱ्या पोराला सगळे आधी अनुदानाची गोष्ट सांगतात. "३५ टक्के माफ आहे, अर्ज भरून टाक." सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण या एका वाक्याने वर्धा जिल्ह्यातले अनेक तरुण चुकीच्या टोकाकडून धंद्यात उतरतात. मागच्या लेखांकात आपण देवळीच्या एमआयडीसीतल्या आणि हिंगणघाटच्या जिनिंग-सूतगिरण्यांतल्या नोकऱ्यांचा विचार केला. या आठवड्यात स्वतःच्या उद्योगाकडे वळू आणि एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ : समुद्रपूर तालुक्यातल्या एखाद्या मुलाला हळद दळून विकायची आहे.

उदाहरण हळदीचंच घेण्याला कारण आहे. याच तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा गडद रंग आणि त्यातलं कुरकुमिनचं जास्त प्रमाण यांमुळे तिला मागणी आहे. तरीही बरीच हळद हळकुंडाच्या रूपातच व्यापाऱ्याकडे जाते. दळणं, पाकीट भरणं आणि विकणं ही कामं दुसरीकडे होतात, आणि त्यातली कमाईही तिकडेच राहते. इथल्या बऱ्याचशा कापसाचं शंभर वर्षांहून जास्त काळ हेच होत आलं आहे.

आता पैशांचा हिशोब. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासून चालू आहे. जिल्हा उद्योग केंद्र, खादी आयोग आणि खादी ग्रामोद्योग मंडळ त्याची अंमलबजावणी करतात. २०२२ मध्ये उत्पादनाच्या प्रकल्पाची मर्यादा ५० लाख आणि सेवा उद्योगाची २० लाख झाली. ग्रामीण भागात खुल्या प्रवर्गाला २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, दिव्यांग आणि माजी सैनिकांना ३५ टक्के अनुदान असतं. आपला मुलगा ओबीसी आहे आणि प्रकल्प ५ लाखांचा आहे असं धरू. त्याने स्वतःचे ५ टक्के, म्हणजे २५ हजार घालायचे. उरलेले ४ लाख ७५ हजार बँक कर्ज म्हणून देते.

मग अनुदानाचे १ लाख ७५ हजार जातात कुठे? ते त्याच्या हातात पडत नाहीत. बँकेत त्याच्या नावाने ठेव म्हणून ते तीन वर्षं अडकून राहतात. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही, आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर बँक व्याज लावतही नाही. तीन वर्षांनी युनिट खरोखर चालू आहे हे प्रत्यक्ष पाहून मगच ती रक्कम कर्जखात्यात वळती होते. थोडक्यात, पहिली तीन वर्षं तग धरणाऱ्यालाच अनुदानाचा खरा लाभ होतो. व्याज लागतं ते ३ लाखांवर. ११ टक्के दर आणि पाच वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता साधारण साडेसहा हजारांचा होतो. चक्की चालो वा न चालो, तो भरावाच लागतो.

पुढचा हिशोब मात्र कोणी मांडून दाखवत नाही. पाच लाखांपैकी सव्वातीन लाख चक्की, पॅकिंगचं यंत्र, वीजजोडणी आणि शेडच्या डागडुजीत गेले. जागेची किंमत प्रकल्पात धरत नाहीत, त्यामुळे जागा घरची किंवा भाड्याची. खेळतं भांडवल उरलं पावणेदोन लाख. हळकुंडाचा भाव क्विंटलला १५ हजार धरला तर त्यात जेमतेम साडेअकरा क्विंटल माल येतो. ताशी ५० किलो दळणारी चक्की हा सगळा माल २३ तासांत दळून संपवते. कर्ज पाच वर्षांचं, आणि हाती असलेल्या मालाचं दळण तीन दिवसांचं! चौथ्या दिवशी यंत्र थांबतं आणि दळलेली हळद विकून पैसा परत येईपर्यंत थांबूनच राहतं. हळद काढून, शिजवून, वाळवून बाजारात येते ती उन्हाळ्याच्या सुमाराला. त्या वेळी ज्याच्या हाती पैसा नाही, त्याला पुढे व्यापाऱ्याकडून चढ्या भावाने माल उचलावा लागतो. हप्ता थकतो तो बहुतेक वेळा याच ठिकाणी. लोक म्हणतात, पोट्ट्याला धंदा जमला नाही. माझं मत वेगळं आहे. त्याला यंत्र दिलं गेलं, पण ते वर्षभर चालवायला लागणाऱ्या मालाची सोय कोणी केली नाही.

याला मार्ग आहेत. पहिला म्हणजे मजुरीवरचं दळण. शेतकऱ्यांची घरची हळद, लग्नसराईतलं तिखट, मसाले. शेजारच्या भिवापूरची मिरचीही मानांकन मिळालेलीच आहे. या कामात माल दुसऱ्याचा आणि मजुरी रोख, भांडवल अडकत नाही. दुसरा मार्ग शेतकरी उत्पादक कंपनीशी किंवा बचत गटाशी करार करण्याचा : माल आज, पैसे विक्रीनंतर. यासाठी गावात पत लागते, आणि ती घरच्या पोराजवळ बाहेरच्या व्यापाऱ्यापेक्षा जास्त असते. एक खबरदारी इथेच सांगतो. वायगावची हळद दळली म्हणून पाकिटावर मानांकनाचं नाव छापता येत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. अन्न सुरक्षा नोंदणीही हवीच.

आणखी एक अडचण अनेकांना उशिरा कळते. वर सांगितलेलं रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं अनुदान फक्त नव्या उद्योगासाठी आहे. उत्साहाच्या भरात आधीच चक्की बसवली तर अर्ज बाद होतो. चालू युनिट वाढवायचं असेल तर २०२० ची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना पाहावी. तिथे ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे. बँकेत जाण्याआधी सिबिल, म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद, तपासून घ्यावं. मोबाईल हप्त्यावर घेतला आणि दोन हप्ते चुकले, तरी त्याची नोंद होते. १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. हे अर्जदाराला माहीत असावं आणि त्याने ते नम्रपणे, पण स्पष्टपणे सांगावं.

प्रशिक्षणासाठी जिल्ह्यात बँक ऑफ इंडियाची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे. ग्रामीण तरुणांना तिथे राहून, जेवणासह, मोफत शिकता येतं. ही कल्पना कर्नाटकातली. १९८२ मध्ये धर्मस्थळच्या देवस्थानाने दोन बँकांना सोबत घेऊन उजिरेला अशी पहिली संस्था काढली. तिच्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती प्रशिक्षणानंतरची दोन वर्षांची पाठराखण. कोर्स काही दिवसांत संपतो, आणि वर सांगितलेला चौथा दिवस त्यानंतर येतो. त्या दिवशी फोन उचलणारं माणूस लागतं. संस्थांचं मूल्यमापन किती जणांना प्रमाणपत्र दिलं यावर न होता, तीन वर्षांनी किती जणांचं युनिट चालू आहे यावर व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

खरं तर यंत्राआधी गावच्या मालाचा हिशोब मांडण्याचा विचार वर्ध्याला नवा नाही. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी काम उभं केलं. उद्योग सुचवण्याआधी गावात काय पिकतं, काय बाहेर जातं आणि काय विकत येतं याची पाहणी करायची, ही त्यांची शिस्त होती. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या गावोगावच्या उद्योगांची पाहणी करून १९३९ मध्ये अहवाल दिला. तेलघाणी सुधारून मगनवाडीतल्या कार्यकर्त्यांनी मगन घाणी केली, ती गावच्या तेलबिया गावातच राहाव्यात म्हणून. आज त्याच मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. खादी, जैव-प्रक्रिया, ग्रामीण रसायनं, हस्तकला आणि अभियांत्रिकी, ऊर्जा असे तिचे विभाग आहेत. हळदीवर काम करू पाहणाऱ्या मुलाने कर्जाच्या अर्जाआधी इथे जाऊन यावं.

राहिला गिऱ्हाईकाचा प्रश्न. पुण्या-मुंबईच्या ऑनलाइन विक्रीचं स्वप्न पहिल्या वर्षी बाजूला ठेवावं. वर्धा शहराच्या आसपासच सेवाग्राम आणि सावंगी मेघे इथली वैद्यकीय महाविद्यालयं आणि रुग्णालयं आहेत, हिंदी विश्वविद्यालय आहे, त्यांची वसतिगृहं आहेत. या स्वयंपाकघरांना बाराही महिने हळद-तिखट लागतं. महिन्याला दोन क्विंटलची एक पक्की मागणी मिळाली, तर आपल्या मुलाचे साडेअकरा क्विंटल सहा महिन्यांत संपतात. अर्ज भरायच्या आधी त्याने अशा तीन-चार मेसच्या व्यवस्थापकांना भेटून दोनच गोष्टी विचाराव्यात : महिन्याला किती किलो लागते, आणि बिलाचे पैसे किती दिवसांनी देता? पैसे ३० दिवसांनी मिळणार की ९० दिवसांनी, यावरून खेळतं भांडवल किती मागायचं ते ठरेल, आणि प्रकल्प अहवालाची सुरुवात त्या आकड्यापासून करता येईल.

(पुढच्या आठवड्यात : अवजारं असलेल्या हातांसाठी विश्वकर्मा योजना)